कागदाचा जोड

पांचाळबाई रोज सकाळी सव्वासहाच्या सुमाराला आपल्या दाराच्या पायरीवर लाकूड मोडायच्या. जळणासाठी नाही, गॅस तोवर चाळीत सगळ्यांकडे आला होता. बोटभर रुंद आणि वीतभर लांब असे दोन तुकडे आदल्या दिवशी सरस लावून एकमेकांना चिकटवून ठेवलेले असत. ते पायरीच्या कडेवर टेकवायचे आणि चपलेच्या टाचेने दाब द्यायचा. कडाड असा फाटका आवाज येऊन लाकूड वेडंवाकडं चिरफळलं, तर जोड लाकडापेक्षा पक्का आहे असं समजून बाई आत चहा ठेवायला जात. पण नुसतं टक् झालं आणि तुकडे जोडाच्या रेघेवर स्वच्छ सुटले, तर त्या दिवशी पांचाळांचा चहा लांबायचा. कारण त्याच डब्यातला सरस लावून आदल्या दिवशी जोडलेला अख्खा वाडगा बाई आधी हातोडीने फोडून टाकत.

मनवेलपाड्यातल्या त्या चाळीत मी वरच्या मजल्यावर राहायचो, पांचाळ बरोबर खाली. मी विरारच्याच एका शाळेत मराठी शिकवत होतो. सकाळी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा राहिलो की खालची पायरी दिसायची. सहा-सात वर्षांत मला ते दोन आवाज न बघता ओळखता येऊ लागले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे याच गोष्टीचा मला फार त्रास झाला.

रघुनाथराव पांचाळ लाकडी वाडगे कातायचे. परातीएवढे मोठे, आतून बाहेरून गुळगुळीत, घोटलेले. इतक्या घेराचं अखंड लाकूड तेव्हाच मिळेनासं झालं होतं. मात्र गावागावांतली जुनी कौलारू घरं पडून इमारती उठत होत्या आणि त्या घरांचे सागवानी वासे भंगारात ढिगाने पडलेले असत. तो वासा चिरून बारा पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा पंधरा अंशांच्या कोनात रंधायच्या, बारा जणींना गोल उभं करून सरसाने जोडायचं, बाहेरून सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून आवळायचं आणि खाली तळ बसवायचा. मग बारा कोनांचं एक ओबडधोबड पिंपासारखं काहीतरी तयार होतं. ते लेथवर चढवून फिरवत कातलं की वाडगा.

लेथ सुरू होण्याआधीचं हे सगळं काम पांचाळबाईंचं. लेथ रघुनाथरावांची. बघणारे यायचे ते लेथ सुरू झाल्यावर. भुसा उडतोय, कोपरे झिजताहेत, लाकडातून गोलाई वर येतेय, हे बघायला कुणालाही आवडतं. सरस वाळताना बघायला कोण येणार?

बाईंचं नाव शालन. हे मला पहिली तीन वर्षं माहीत नव्हतं. वाडग्याच्या तळाशी रघुनाथराव तापल्या तारेने 'र. पांचाळ' असं कोरायचे, त्यामुळे बाकी कुणाला कळण्याचाही प्रश्न नव्हता.

बाईंचे वडील मुंबईत एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करणारा माणूस. मोठे पाइप, चाकं, डेरे यांचे नमुने असेच पट्ट्या जोडून करत. मुलगा नव्हता, म्हणून हे सगळं ते मुलीला शिकवून गेले. रघुनाथराव त्यांच्याच हाताखाली हेल्पर होते. फाउंड्रीला कुलूप लागण्याच्या दोन वर्षं आधी लग्न झालं आणि सासऱ्याची लेथ जावयाकडे आली.

बाई दिसायला किडकिडीत, उंच. बोटांच्या पेरांना कायम सरसाचा तपकिरी पापुद्रा. स्वभाव चांगला म्हणवत नाही. शेजारणीच्या नव्या कपाटाचं दार एकदा उघडून त्यांनी "छान. दिवाळीपर्यंत जाईल," एवढंच म्हटलं होतं. ते दिवाळीपर्यंत गेलं नाही, आणि त्याचा आनंद त्यांनी लपवला नाही. कुणाला दोनदा काही सांगणं त्यांना जमत नसे. "मी एकदा सांगते, सर. दुसऱ्यांदा सरस सांगतो," असं त्या म्हणायच्या. खरंच, एकदा सांगून झालं की त्या गप्प बसायच्या आणि समोरच्याची फजिती कधी होते याची वाट बघायच्या. ती वाट बघण्यातली त्यांची चिकाटी मला कधी कधी भीतिदायक वाटायची.

माझी त्यांच्याशी ओळख वाढली ती रद्दीमुळे. एका रविवारी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्याकडचं जुनं वर्तमानपत्र द्या. अग्रलेखाचं पान."

मला वाटलं, बाई वाचणाऱ्या आहेत. शिक्षकाला असलं काही वाटलं की तो लगेच सुखावतो. मी विचारलं, "कुठला विषय हवाय?"

"विषय कुठलाही चालेल. बातम्यांच्या पानावर चित्रं फार, शाई फार. अग्रलेखाचं पान बरं. त्यात काही नसतं."

मग त्यांनी मला खाली नेऊन दाखवलं. जोडलेला वाडगा लेथवर चढवायचा तर तो धरायचा कशाने? तळाला खिळे-स्क्रू मारले तर भोकं राहणार. म्हणून लेथच्या लोखंडी चकतीवर आधी एक भंगार ठोकळा स्क्रूने बसवायचा. ठोकळा आणि वाडग्याचा तळ यांच्यामध्ये सरस, मधे वर्तमानपत्राचा एक कागद, पुन्हा सरस. एक दिवस दाबून ठेवायचं. कागद दोन्हीकडून सरस पितो आणि असा धरतो की कातताना कितीही हादरे बसले तरी वाडगा हलत नाही. काम झालं की पटाशीचं पातं बरोबर कागदावर टेकवून एक टोला मारायचा. कागद मधोमध फाटतो, अर्धा वाडग्याला राहतो, अर्धा ठोकळ्याला, आणि वाडगा सुटून हातात येतो. तळ खरवडला की झालं.

"हा सगळ्यात अवघड जोड," बाई म्हणाल्या. "धरायला पण पाहिजे आणि सोडायला पण पाहिजे."

"आणि हा कुणाला दिसतच नाही."

"दिसला तर मग काय!" त्या म्हणाल्या. त्या हसल्या की नाही हे मला कळलं नाही. त्यांचं हसणं बहुतेक नाकातून व्हायचं.

गिऱ्हाइकांशी बोलायचं काम रघुनाथरावांचं होतं, आणि ते योग्यच होतं. ते गोड माणूस. दाढी राखलेली, अंगात खादीचा झब्बा, बोलणं संथ. 'लाकूडच मला सांगतं, मला काय व्हायचंय,' असं ते पाहुण्यांना सांगायचे. बाई आत असल्या तर तिथूनच विचारायच्या, "मग पट्ट्या किती अंशांत रंधू, तेवढं पण विचारून घ्या त्याला." पाहुणे हसायचे. रघुनाथरावही हसायचे. माणूस वाईट नव्हता. हात तर सोन्याचा. त्यांनी कातलेल्या काठावरून बोट फिरवलं की कुठे लाकूड संपलं आणि कुठे हवा सुरू झाली ते कळायचं नाही. फक्त टाळ्या वाजल्या की त्यांना त्या सगळ्या आपल्यासाठीच वाजताहेत असं वाटायचं. हा दोष मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक कलावंतात पाहिला आहे, आणि शिक्षकांत तर हमखास.

एकदा अर्नाळ्याची एक मासे विकणारी बाई चाळीच्या अंगणात येऊन ओरडायला लागली. हातात पिशवी. तिने ती पांचाळांच्या पायरीवर उलटी केली. आतून बारा पट्ट्या आणि एक गोल तळ बाहेर पडला. रघुनाथरावांनी तिला भाकरीचं पीठ मळायला म्हणून वाडगा विकला होता.

"काठवट बोलून देली ना मला? ही बघ तुजी काठवट! पानी लागला न् बसली फतकल मारून!"

रघुनाथराव घरात असूनही घरात नव्हते. पांचाळबाई बाहेर आल्या. पायरीवर बसून त्यांनी एकेक पट्टी उचलली, कडेवरून नख फिरवलं आणि ओळीने मांडून ठेवली. बारावी पट्टी मांडून झाली. मग म्हणाल्या, "एक पण मोडलेली नाही. सुटल्यात नुसत्या."

"मग मी काय नाचू?"

"सरस पाण्यात विरघळतो, बाय. यात कोरडं ठेवायचं. पीठ मळायचं तर अखंड लाकडाची घे, फणसाची. पाण्याला चालेल हे तुला कुणी सांगितलं?"

"तुज्या नवऱ्यान."

"नवऱ्याचा आणि सरसाचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पंधरा दिवसांत कुठून तरी फणसाचं अखंड लाकूड मिळवून तिची काठवट करवून दिली. माफी मात्र मागितली नाही. ती बाई पुढे कित्येक वर्षं त्यांना बोंबील आणून देत होती. बाईंना मान देणारी तेवढी एकच व्यक्ती मला आठवते.

तुळिंजच्या एका देवळाच्या विश्वस्तांनी प्रसादासाठी मोठा वाडगा सांगितला होता. न्यायला आले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "यात अभक्ष्य काही नाही ना?" रघुनाथराव 'छे छे' म्हणायच्या आत बाई म्हणाल्या, "सरस आहे. जनावराचं कातडं उकळून करतात." विश्वस्तांनी हात मागे घेतला. "अहो, प्रसादाला कातडं?" तर बाई म्हणाल्या, "आरतीला ढोलकी वाजवता, तिला काय भेंडीची साल लावलीय?"

वाडगा तिथेच राहिला. त्या संध्याकाळी खालून रघुनाथरावांचा आवाज बराच वेळ येत होता. बाईंचा एकदाच आला. "विचारलं म्हणून सांगितलं. माझा जोड आहे तो. त्यात काय आहे हे मी नाही सांगायचं तर कुणी?"

मला वाटतं, 'माझा जोड' हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकले.

त्यानंतर वर्षभरात आमच्या भागातल्या एका सांस्कृतिक मंडळाने रघुनाथरावांचा जाहीर सत्कार ठरवला. मंडळाचे अध्यक्ष इमारती बांधायचे. ज्या घरांचे वासे आमच्या अंगणात येऊन पडत, त्यांतली निम्मी घरं त्यांनीच पाडलेली होती. त्यामुळे लाकूडकलेविषयी त्यांना आपुलकी होती. सत्काराला मोठे पाहुणे येणार होते आणि व्यासपीठावर लेथ चढवून, सगळ्यांसमोर वाडगा कातायचं प्रात्यक्षिक होणार होतं. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहायचं काम आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. मला नकार देता आला असता. मी दिला नाही.

त्या आठवड्यात पांचाळबाई वर आल्या. बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून पदराच्या टोकाने बोटांवरचा सरस खरवडत होत्या.

"सर, पत्रिका तुम्ही लिहिताय?"

"हो."

"त्यात एक ओळ टाकाल? 'जोडकाम : शालन पांचाळ.' बारीक अक्षरात चालेल."

इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "अहो, टाकायचीच. तुमचा हक्क आहे." मी असली वाक्यं चांगली बोलतो.

मी ओळ लिहिली. वहीतल्या दुरेघी कागदावर, रघुनाथरावांच्या नावाखाली. अध्यक्षांनी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, ही ओळ अडचणीची आहे."

"का? निम्मं काम त्यांचं आहे."

"असेल हो. पण एकाची सौ. छापली की कार्यकारिणीतले नऊच्या नऊ जण आपापली सौ. घेऊन उभे राहतील. कार्डावर जागा किती?"

मी टेबलावरची पट्टी घेतली आणि ती ओळ खोडली. त्याच्या खाली 'सूत्रसंचालन' असा शब्द होता आणि पुढे माझं नाव होतं. त्याला जागा होती.

पत्रिका छापून आली. जाड, गुळगुळीत, चकचकीत कागद, वर रघुनाथरावांचा दाढीसकट रंगीत फोटो. बाईंनी ती हातात घेऊन आधी पुढून बघितली, मग मागून बघितली, मग मला विचारलं, "ओळ?"

"प्रेसवाल्यांनी गाळली वाटतं," मी म्हणालो. "या लोकांचं असंच असतं."

"असतं," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी अध्यक्ष स्वतः पांचाळांकडे आले. मी तिथेच होतो. वाडगा जोडून तयार होता, बारा कोनांचा, सुरेख. आता ठोकळा चिकटवायचा होता आणि बाई माझ्याकडचं अग्रलेखाचं पान कात्रीने कापत होत्या. अध्यक्षांनी विचारलं, हे काय? रघुनाथरावांनी समजावून सांगितलं, की शेवटी इथे पटाशी मारायची आणि वाडगा सुटतो, तळाला अर्धा कागद राहतो. तेव्हा अध्यक्षांच्या डोळ्यांत चमक आली.

"म्हणजे पाहुण्यांच्या हस्ते पटाशी मारायची, वाडगा उलटा करायचा, आणि खाली वर्तमानपत्र? अहो, तिथे आपली पत्रिका निघाली पाहिजे! ऐतिहासिक!"

रघुनाथरावांचा चेहरा उजळला. "खरंच. वर्तमानपत्रात काय, कुणाकुणाच्या तेराव्याच्या जाहिराती असतात. शालन, कार्डच लाव."

बाईंनी कात्री खाली ठेवली. "गुळगुळीत कागद सरस पीत नाही. आणि जाड आहे, आतूनच सुटेल."

"तुझं आपलं नेहमीचं," रघुनाथराव म्हणाले. "जरा सरस जास्त लाव."

मी बाईंकडे बघितलं. त्या दुसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत. त्यांनी कार्ड हातात घेतलं, तळाच्या मापाने गोल कापलं. फोटो बरोबर मधोमध आला. दोन्ही बाजूंनी सरस लावला, ठोकळा बसवला, आवळला. आणि त्याच डब्यातला सरस घेऊन दोन लहान तुकड्यांच्या मधे कार्डाची उरलेली कातरण ठेवून ते तुकडेही आवळून ठेवले. चाचणीचे. ते त्या कधी चुकवत नसत.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी गॅलरीत चहा घेत होतो. खालून आवाज आला. टक्.

मी वाकून बघितलं. बाईंच्या एका हातात एक तुकडा होता, एका हातात दुसरा. दोन्ही स्वच्छ. लाकडाचा एक तंतूही फाटला नव्हता. दोन्हीकडे कार्डाचा गुळगुळीत पापुद्रा. त्या कितीतरी वेळ ते बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. मी होतोच.

"सर, चहा झाला?"

"झाला."

"बरं."

त्या आत गेल्या. हातोडीचा आवाज येईल म्हणून मी थांबलो. आला नाही. थोड्या वेळाने गॅसच्या लायटरचा आवाज आला आणि चहाचा वास आला. आणि मी आत जाऊन झब्ब्याला इस्त्री करायला घेतली.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला ऐकू आलं होतं. त्याचा अर्थ मला कळत होता. जिना उतरून खाली जायला पंधरा पायऱ्या होत्या. पण मी गेलो असतो तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं आणि त्या ओळीचा विषय निघाला असता. तेवढ्यासाठी मी गेलो नाही. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली.

पाहुणे दोन तास उशिरा आले. शाळेच्या सभागृहात लोक घामाने निथळत होते. सहा माणसांनी उचलून आणलेली लेथ व्यासपीठावर होती. कार्यकारिणीच्या बायका पहिल्या दोन रांगांत, पांचाळबाई सहाव्या. मी माइकवर माझा मजकूर म्हणत होतो. 'लाकडाच्या अंतरंगाशी संवाद साधणारा' असं त्यात काहीतरी होतं. रघुनाथरावांनी लेथ सुरू केली. सुरुवातीला वाडग्याला तोंडाच्या बाजूने एक टेकू दिलेला असतो, कोपरे झिजून गोल होईपर्यंत तो काढायचा नसतो. पण टेकूमुळे छायाचित्रकाराला वाडग्याचं तोंड दिसत नव्हतं. अध्यक्ष हात करून म्हणाले, "ते मधलं बाजूला घ्या जरा!" रघुनाथरावांनी घेतलं, आणि हत्यार लावलं.

तिसऱ्या का चौथ्या हादऱ्याला वाडगा चकतीवरून निघाला. आधी त्यांच्या उजव्या मनगटावर आदळला, मग जबड्यावर, मग व्यासपीठावरून गडगडत पहिल्या रांगेच्या सोफ्याखाली गेला. ठोकळा चकतीवर तसाच फिरत राहिला, त्यावर रघुनाथरावांचा अर्धा फोटो गरागरा फिरत होता. माझ्या हातात माइक होता आणि मी वाक्य पूर्ण केलं. का, ते मला माहीत नाही.

पांचाळबाई सहाव्या रांगेतून पुढे आल्या. लोकांनी वाट दिली. त्या सोफ्याशी थांबल्या, वाकल्या, हात घालून वाडगा बाहेर काढला, उलटा करून तळ बघितला. मग बाजू बघितल्या, नख फिरवून. बाराच्या बारा जोड शाबूत होते. सगळ्याला चार-पाच सेकंद लागले असतील. मग वाडगा खाली ठेवून त्या व्यासपीठावर नवऱ्याकडे गेल्या.

हे चार-पाच सेकंद आमच्या चाळीने पुढे कितीतरी वर्षं चघळले. नवरा रक्तात पडलाय आणि ही भांडं बघतेय. मी कुणालाच काही बोललो नाही. मला माहीत होतं त्या काय बघत होत्या.

रघुनाथरावांचं मनगट तीन ठिकाणी मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. हत्यार पुन्हा धरता आलं नाही. दीड महिन्याने मंडळाने त्यांना प्लास्टरसकट बोलावून शाल दिली आणि मानपत्र दिलं. त्यात 'जिद्द' हा शब्द चार वेळा होता. ते मी लिहिलं नव्हतं, एवढंच म्हणू शकतो. पुढे त्यांना दर वर्षी कुठे ना कुठे बोलावणं येत राहिलं. काम थांबल्यावर माणूस किती मोठा कलावंत होतो, हे मी त्यांच्या बाबतीत जवळून पाहिलं.

आणि खाली, पांचाळबाई वाडगे जोडतच राहिल्या. सकाळी तसाच आवाज यायचा, कडाड. पट्ट्या, सरस, ट्यूब, तळ. कातायला कुणी नसल्यामुळे ते बारा कोनांचे वाडगे घरात एकावर एक चढत गेले. कशात तांदूळ, कशात कांदे, एकात रघुनाथरावांची औषधं. कुणी म्हणालं, आचोळ्याला एक कातारी आहे, त्याच्याकडे द्या. बाई म्हणाल्या, बघू. दिले नाहीत.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः का नाही चालवत लेथ? शिकायला किती वेळ लागेल?"

"येते मला. बाबांनी आधी लेथच शिकवली. ह्यांना मी शिकवली."

"मग सोडली का?" मी विचारलं.

"लग्न ठरताना ह्यांची अट होती. एका घरात दोन कातारी नकोत. बाबांनी मला विचारलं. मी म्हटलं, चालेल." त्यांनी मान वळवून आत बघितलं. "आता चालवली तर ह्यांना पलंगावरून दिसते. आवाज पण येतो. नको."

तीन-चार वर्षांनी मी निवृत्त झालो. चाळ पाडून इमारत होणार होती, आणि मी मुलाकडे नाशिकला जायला निघालो. सामान टेंपोत चढल्यावर निरोप घ्यायला खाली गेलो. रघुनाथराव झोपले होते. बाई पायरीवर बसून एका पट्टीची कड उजेडाकडे धरून बघत होत्या.

इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते मी एका दमात बोललो. "बाई, ती ओळ प्रेसवाल्यांनी गाळली नव्हती. मी खोडली होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. पट्टीवरून नजर काढली नाही. "पत्रिका आली त्याच दिवशी संध्याकाळी गेले होते प्रेसमधे. तुमचा कागद मागून आणला. नाव होतं माझं. वर एकच रेघ होती, सरळ. पट्टी लावून मारली होतीत."

काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खरं तर तेच एक विचारायचं होतं म्हणून, मी विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुकडे सुटले, तेव्हा तुम्ही वाडगा का नाही फोडला?"

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही का नाही आलात खाली?"

आतून रघुनाथराव खोकले. बाई उठल्या, आत गेल्या, त्यांना पाणी दिल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात एक वाडगा होता. लहान, ओंजळीएवढा, बारा कोनांचा. खाली ठोकळा तसाच चिकटलेला.

"घ्या. कातायचा राहिलाय."

"आणि हा ठोकळा?"

"राहू दे. पटाशी लावली की निघेल. मधे तुमचाच कागद आहे, प्रेसमधला." मग पट्टी पुन्हा उजेडाकडे धरत त्या म्हणाल्या, "वहीचा साधा कागद, सर. चांगला धरतो."

टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. गल्लीच्या वळणावरून मी मागे बघितलं. त्या पायरीवर उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून, रंधा कुठे ठेवला ते शोधत.

वाडगा माझ्या टेबलावर आहे. ठोकळ्यामुळे तो नीट बसत नाही, काही ठेवलं तर कलंडतो. नातवाने दोनदा विचारलं, खाली हे काय आहे, काढून टाकू का? घरात पटाशी आहे. वाडगा आणि ठोकळा यांच्या मधे कागदाची कड दिसते, एक बारीक पांढरी रेघ, चारी बाजूंनी सारखी. मी अजून तिला हात लावलेला नाही.